टोकावरचा तोल : बॅले-नृत्यातील स्थैर्याचे शास्त्र

इ. स. १८९० च्या जानेवारी महिन्यात रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील मारिन्स्की रंगमंदिरात ‘निद्रित सुंदरी’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला. त्याचे संगीत चायकोव्हस्की याचे होते व नृत्यरचना मारियुस पेतिपा याची होती. या नृत्यनाट्याच्या पहिल्या अंकात राजकन्या ऑरोरा हिला मागणी घालण्यासाठी चार राजपुत्र आलेले आहेत. आज हा प्रवेश ज्या स्वरूपात सादर केला जातो त्यात राजकन्या एकाच पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहते, दुसरा पाय मागे उचलून गुडघ्यात वाकविते आणि एकेका राजपुत्राचा हात क्रमाने धरते. एकाचा हात सोडावयाचा, दोन्ही बाहू मस्तकावर न्यावयाचे, क्षणभर निराधार उभे राहावयाचे आणि मगच दुसऱ्याचा हात धरावयाचा, असे चार वेळा घडते. बॅले-नृत्यातील अत्यंत कठीण प्रवेशांमध्ये याची गणना होते. गिरक्या नाहीत, उड्या नाहीत. केवळ उभे राहणे आहे. तरीही अनुभवी नर्तकींना सुद्धा या क्षणाची धास्ती वाटते.

हात सुटल्यानंतरच्या त्या एक-दोन सेकंदांत शरीरात नेमके काय घडत असते? आणि रंगमंचावर हात सोडण्याची ही शक्ती शिकाऊ मुलीच्या अंगी कशी येते? या प्रश्नांचा विचार करताना भौतिकी व शरीरशास्त्र ही दोन्ही शास्त्रे आपल्या मदतीस येतात. शिवाय हा प्रश्न केवळ रंगमंचापुरता नाही. बॅले शिकणारी प्रत्येक मुलगी आरंभी भिंतीलगत कमरेच्या उंचीवर बसविलेली लाकडी दांडी धरून अभ्यास करते. नर्तकांच्या परिभाषेत या दांडीला ‘बार’ म्हणतात. आपण तिला आधारदांडी म्हणू. या दांडीपासून दूर होऊन खोलीच्या मध्यभागी एकटीने टोकावर उभे राहण्याचा दिवस प्रत्येकीच्या शिक्षणात येतोच. त्या दिवसाची तयारी नीट झाली नसेल, तर तोल जातो आणि पुष्कळदा घोटाही दुखावतो.

टोकावर उभे राहण्याची प्रथा

बॅले ही इटली व फ्रान्स येथील राजदरबारांत वाढलेली नृत्यपद्धती आहे. टोकावर उभे राहण्याची प्रथा तीत बरीच उशिरा आली. १८३२ साली पॅरिस येथे ‘ला सिल्फिद’ या नृत्यनाट्यात मारी ताल्योनी हिने वनदेवतेची भूमिका केली. जमिनीला जेमतेम स्पर्श करणारी, वाऱ्यावर तरंगणारी देवता दाखविण्यासाठी तिने टोकावरील नृत्याचा उपयोग केला. तिच्यापूर्वीही काही नर्तकी क्षणभर टोकावर चढत असत. परंतु त्या कसरतीला कलेचा अर्थ मिळाला तो ताल्योनीमुळे. तिचे जोडे मऊ रेशमी कापडाचे होते. त्यांचे टोक व कडा दोऱ्याने शिवून थोड्याफार घट्ट केलेल्या असत, एवढेच. शरीर तोलून धरण्याचे जवळजवळ सर्व काम पायाच्या स्नायूंना करावे लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील कारागिरांनी जोड्याचे टोक अधिक टणक केले. या जोड्यांच्या बळावर इटालियन नर्तकी टोकावर अधिक वेळ उभ्या राहू लागल्या व अधिक गिरक्या घेऊ लागल्या. १८९० साली ऑरोराची भूमिका प्रथम करणारी कार्लोत्ता ब्रिआन्झा ही इटालियनच होती. तिचीच देशभगिनी पिएरिना लेन्यानी हिने १८९५ साली ‘हंस सरोवर’ या नृत्यनाट्यात एका पायावर लागोपाठ ३२ गिरक्या घेतल्या. पुढे विसाव्या शतकात आना पावलोव्हा या रशियन नर्तकीने ही कला जगभर नेली. १९२२ च्या सुमारास ती आपल्या संचासह भारतातही येऊन गेली. १९२३ साली लंडन येथे तिच्यासमवेत कृष्णाची भूमिका करणारे तरुण कलावंत म्हणजेच पुढे विख्यात झालेले उदयशंकर होत.

आजच्या पारंपरिक जोड्याची घडण पाहण्यासारखी आहे. त्याच्या टोकाशी कापड व कागद यांचे थर खळीने एकावर एक चिकटवून वाळविलेले असतात. त्यामुळे बोटांभोवती एक कठीण खोबण तयार होते. तळव्याखाली चामड्याची किंवा दाबलेल्या पुठ्ठ्याची ताठ पट्टी असते. वरून रेशमी सॅटिनचे आवरण असते आणि घोट्याभोवती फिती बांधतात. खोबणीचे अगदी पुढचे टोक सपाट केलेले असते. नर्तकी उभी राहते ती या चिमुकल्या सपाट जागेवर.

किती लहान जागा, किती थोडा वेळ

कोणतीही वस्तू उभी राहावयाची असेल तर तिच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा तिच्या आधारक्षेत्राच्या आत पडला पाहिजे, हा नियम शालेय पुस्तकांतून आपण शिकतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणतः बेंबीच्या किंचित खाली असतो. भरतनाट्यम् नर्तिका गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत येते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य खाली उतरतो, आणि संपूर्ण तळवे भूमीवर असल्याने आधारक्षेत्रही मोठे असते. बॅले-नर्तकी नेमके याच्या उलट करते. ती गुरुत्वमध्य शक्य तितका उंच नेते आणि आधारक्षेत्र शक्य तितके लहान करते.

सोयीसाठी असे धरू, की नर्तकीचे वजन ५० किलोग्रॅम आहे. दोन्ही तळव्यांचा जमिनीशी होणारा स्पर्श सुमारे २५० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर २०० ग्रॅम भार येतो. जोड्याच्या टोकाची सपाट जागा १० चौरस सेंटिमीटर धरली, तर एका टोकावर उभे राहताच हा भार ५ किलोग्रॅम होतो, म्हणजे पंचवीसपट वाढतो. सुदैवाने हा सर्व भार बोटांच्या टोकांनाच सोसावा लागत नाही. चांगल्या बसणाऱ्या जोड्याची खोबण पायाला सर्व बाजूंनी धरते आणि भाराचा काही भाग आपल्यावर घेते.

परंतु तोलाच्या दृष्टीने भारापेक्षा वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ मुले खेळतात. लांब काठी तोलणे सोपे जाते, पेन्सिल तोलणे जवळजवळ अशक्य होते. याचे कारण असे, की उंच वस्तू सावकाश कलते व हाताला तिच्यामागे जाण्यास अवसर मिळतो. टोकावर उभ्या असलेल्या नर्तकीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर असतो. तिचे शरीर ताठ काठीसारखे आहे आणि सर्व वजन गुरुत्वमध्यी एकवटलेले आहे अशी कल्पना करू. आता तिचा ओळंबा आधाराच्या मध्यबिंदूपासून केवळ एक मिलिमीटर ढळला आणि तिने काहीही केले नाही, तर एका सेकंदात तो सुमारे ११ मिलिमीटर ढळेल, आणि सव्वा सेकंदात सुमारे २५ मिलिमीटर! जोड्याचे टोक मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम १५ ते २० मिलिमीटर असते. म्हणजे एका मिलिमीटरची चूक सव्वा सेकंदाच्या आत तिला आधाराबाहेर नेते.

अमेरिकेतील भौतिकीचे प्राध्यापक केनेथ लॉज यांनी १९८४ साली नृत्याच्या भौतिकीवर एक ग्रंथ लिहून अशा प्रश्नांची चर्चा केली. त्यानंतर नृत्यशिक्षक व शास्त्रज्ञ यांच्यातील देवाणघेवाण बरीच वाढली.

तोल म्हणजे स्तब्धता नव्हे

वरील गणितावरून एक गोष्ट उघड होते. एका मिलिमीटरच्याही चुकीवाचून उभे राहणे कोणत्याही जिवंत शरीराला शक्य नाही. श्वास घेताना छाती हलते, हृदयाच्या ठोक्याबरोबर देह सूक्ष्मपणे डोलतो. तेव्हा जी नर्तकी पुतळ्यासारखी स्तब्ध दिसते, तीही सतत पडतच असते आणि सतत स्वतःला सावरीत असते. तिच्या दुरुस्त्या इतक्या लहान व इतक्या त्वरित असतात, की त्या प्रेक्षकांच्या नजरेस पडत नाहीत.

ही दुरुस्ती करण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग घोट्याचा. आपण दोन्ही पायांवर साधे उभे असतो तेव्हा शरीर पुढे झुकले, की पोटरीचे स्नायू आवळतात व भार चवड्याकडे सरकतो. मागे झुकले, की नडगीवरील स्नायू आवळतात व भार टाचेकडे येतो. आधाराचा दाबबिंदू गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे जाऊन त्याला परत ढकलतो. तळहातावरील काठी सावरताना आपला हात हेच करीत असतो. टोकावर मात्र दाबबिंदूला हलावयास दीड-दोन सेंटिमीटरच जागा असते. त्यामुळे हा मार्ग अगदी लहान चुकांपुरताच उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग शरीराच्या वरच्या भागाचा. पुढे पडू लागलेला माणूस कमरेत एकदम वाकतो, त्याचे नितंब मागे जातात आणि तो वाचतो. दोरावर चालणारा डोंबारी हातातील लांब बांबू कलता करून तोल सावरतो. शरीराचा एक भाग एका दिशेने फिरविला, की पाऊल जमिनीला रेटते आणि जमीन त्याच्या उलट दिशेने शरीराला ढकलते. बॅले-नर्तकीला बाहूंची अथवा मागे उचललेल्या पायाची किंचित हालचाल करून हे साधता येते. मात्र ही हालचाल संगीताशी व नृत्यातील आकृतीशी मिळून गेली पाहिजे. हात उघडपणे हलविणे तेथे दोष मानला जाते.

यावरून एक सामान्य गैरसमज दूर व्हावा. तोल टिकविण्यासाठी सारे अंग आवळून ताठ करावे, असे पुष्कळ नवशिक्यांना वाटते. संपूर्ण ताठ काठी सर्वांत लवकर पडते, कारण तिला दुरुस्ती करता येत नाही. धड व कंबर एकसंध ठेवावीत, म्हणजे सावरावयाचे सांधे कमी होतात. परंतु घोटा, पाऊल व मान ही मोकळी व जागी असावीत. जाणते शिक्षक हेच सांगत आले आहेत, आणि भौतिकीचा निष्कर्षही हाच आहे.

शरीराला आपली स्थिती कशी कळते?

दुरुस्ती करावयाची तर चूक प्रथम कळली पाहिजे. यासाठी निसर्गाने माणसाला तीन साधने दिली आहेत.

पहिले साधन अंतर्कर्ण. प्रत्येक कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले, की त्यांतील द्रव मागे राहतो व फिरण्याची जाणीव होते. त्यांच्याजवळच सूक्ष्म स्फटिक असलेली दोन इंद्रिये असतात. डोके कलले किंवा सरळ रेषेत वेगाने सरकले, तर ती संदेश देतात. दुसरे साधन दृष्टी. भिंतीच्या कडा, खांब, क्षितिज यांवरून उभे-आडवे कळते. तिसरे साधन सर्वांत कमी परिचित आहे. स्नायू, कंडरा, सांधे व तळव्याची त्वचा यांमध्ये असंख्य संवेदक विखुरलेले आहेत. स्नायू किती ताणला, सांधा किती वाकला, भार तळव्याच्या कोणत्या भागावर आहे, हे ते क्षणोक्षणी कळवीत असतात. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या संवेदनेला स्वतंत्र नाव दिले. आपण तिला अंगस्थितीची जाणीव म्हणू. डोळे मिटूनही आपला हात कोठे आहे हे आपणास कळते ते या जाणिवेमुळेच.

या तिन्ही साधनांचा वेग सारखा नाही. डोळ्यांनी पाहून जाणीवपूर्वक हालचाल करण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. घोट्याच्या ताणलेल्या स्नायूकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातून वळून सुमारे एक विसांश सेकंदात परत येतो. मागील गणित ध्यानी घेतले तर या फरकाचे महत्त्व कळेल. आरशात आपली चूक पाहून ती सुधारू म्हणणारी मुलगी बहुधा उशीरच करते. पायातून येणारी खबर पायातच पोचली पाहिजे, विचारापर्यंत जाण्याची तिने वाट पाहता कामा नये.

अभ्यासाने ही यंत्रणा बदलते, याचाही पुरावा आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २९ बॅले-नर्तकी व नावा वल्हविणाऱ्या २० स्त्री-खेळाडू यांची तुलना केली. अंधारात खुर्चीवर फिरवून अचानक थांबविल्यावर आपण अजून फिरत आहोत असा भास नर्तकींना कमी वेळ झाला. अंतर्कर्णाचे संदेश हाताळणाऱ्या लहान मेंदूच्या एका भागातही दोन्ही गटांत फरक दिसला. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने मेंदू कोणत्या खबरीवर किती विसंबावयाचे ते शिकतो, असा याचा अर्थ आहे.

आधारदांडी काय देते आणि काय लपविते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आधारदांडीवर हात ठेवून टोकावर सहज उभी राहणारी मुलगी मध्यभागी येताच का डळमळते?

पहिले कारण बलाचे आहे. समजा, तिचा गुरुत्वमध्य दांडीच्या बाजूला दोन सेंटिमीटर ढळलेला आहे. ५० किलोग्रॅम वजन व दोन सेंटिमीटर अंतर यांचा गुणाकार १००. दांडी जमिनीपासून सुमारे १०० सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर हाताने आडवा एक किलोग्रॅमचा रेटा दिला की पुरे. ती पडणार नाही. एक किलोग्रॅमचा रेटा ही इतकी क्षुल्लक गोष्ट आहे, की तो आपण देत आहोत हे तिच्या लक्षातही येत नाही. परंतु दोन सेंटिमीटर म्हणजे जोड्याच्या टोकाची कडच! हात काढताच ती दांडीच्या बाजूला पडणारच. दांडीपाशी दिसलेला तोल तिचा नव्हता. तो तिचा व दांडीचा मिळून होता.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. १९९४ साली जॉन जेका व जेम्स लॅकनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे केले आणि बोटाचे टोक बाजूच्या एका पट्टीला केवळ टेकवावयास सांगितले. बोटाचा दाब सुमारे १०० ग्रॅमच्या आत राहील याची खबरदारी घेतली होती. इतक्या हलक्या स्पर्शाने शरीराला टेकू मिळणे शक्य नाही. वरचेच गणित लावले तर ५० किलोग्रॅमच्या शरीराचा फार तर दोन मिलिमीटर कल त्याने सावरेल. तरीही या स्पर्शाने शरीराचे डोलणे लक्षणीयरीत्या कमी झाले. बोटाच्या टोकाने शरीराला बल पुरविले नव्हते; ज्ञान पुरविले होते. स्थिर वस्तूच्या तुलनेत आपण कोणीकडे सरकत आहोत हे बोटाला कळत होते, आणि त्या खबरीनुसार पायाचे स्नायू काम करीत होते.

म्हणजे आधारदांडी दोन गोष्टी देते : थोडे बल आणि पुष्कळ माहिती. दांडी सोडल्यावर या दोन्ही गोष्टी एकदम नाहीशा होतात. बलाची उणीव शरीराची ठेवण सुधारून भरून काढता येते. माहितीची उणीव भरून काढण्यासाठी तळवा, घोटा व अंतर्कर्ण यांना अधिक बारकाईने बोलावयास व मेंदूला ते ऐकावयास शिकविले पाहिजे. पुष्कळ वर्षे दांडीपाशी घालविल्याने ही दुसरी गोष्ट आपोआप साधत नाही. उलट, बोटाकडून आयती माहिती मिळत राहिल्याने पायांना आपली स्वतःची माहिती वापरण्याचे प्रसंगच कमी येतात. भिंतीवरील आरसा ही अशीच दुसरी अदृश्य दांडी आहे. रंगमंचावर आरसा नसतो, समोर काळोख व डोळ्यांवर दिव्यांचा झोत असतो. म्हणून विचारी शिक्षक विद्यार्थिनींना मधूनमधून आरशाकडे पाठ करून उभे करतात.

घोट्याची घडण

टोकावर घोटा शक्य तितका ताणलेला असतो आणि पावलाची पाठ नडगीच्या रेषेत येते. घोट्याच्या सांध्यातील मुख्य हाडाचा वरचा भाग पाचरीसारखा असतो. पुढे रुंद, मागे अरुंद. आपण पाऊल सपाट ठेवतो तेव्हा रुंद भाग नडगीच्या हाडांच्या खाचेत घट्ट बसतो. टाच उचलली, की अरुंद भाग खाचेत येतो व सांधा सैल होतो. म्हणूनच चवड्यावर अर्धे उचललेले असताना घोटा मुरगळण्याचा संभव मोठा असतो. पूर्ण टोकावर गेल्यावर टाचेचे हाड नडगीच्या मागील कडेशी भिडून सांध्याला पुन्हा काहीशी बळकटी येते. धोका मुख्यतः मधल्या वाटेवर, चढताना व उतरताना असतो.

या वाटेवर घोट्याला सांभाळतात ते स्नायू. बाहेरच्या बाजूचे स्नायू व आतील बाजूचे स्नायू तंबूच्या दोन बाजूंच्या दोऱ्यांप्रमाणे परस्परविरुद्ध ओढून घोटा मधोमध ठेवतात. पोटरीतून निघून घोट्याच्या मागून अंगठ्यापर्यंत जाणारी एक लांब कंडरा नर्तकीच्या तोलात मोठी कामगिरी बजाविते. पाऊल आत वळून भार करंगळीच्या बाजूला गेला, तर बाहेरील अस्थिबंधांवर ताण येतो व ते फाटू शकतात. घोटा एकदा असा दुखावला, की अस्थिबंधांबरोबर त्यांतील संवेदकांचेही नुकसान होते. दुखणे थांबले तरी अंगस्थितीची जाणीव मंद राहते आणि घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव वाढतो. त्यामुळे दुखापतीनंतर शक्तीच्या व्यायामाइतकाच तोलाचा व्यायामही आवश्यक ठरतो.

जोडाही या विचारात येतो. सैल जोड्यात पाऊल खाली घसरते व बोटांवर भार येतो. घामाने व उष्णतेने खोबण मऊ पडते, तळाची पट्टी वापराने मोडते. व्यावसायिक नर्तकीचा जोडा पुष्कळदा एका प्रयोगातच निकामी होतो. निकामी जोडा वापरीत राहणे म्हणजे मोडक्या शिडीवर चढण्यासारखे आहे.

दांडी सोडण्याचा क्रम

दांडीपासून मध्यभागापर्यंतचा प्रवास एका उडीत करावयाचा नसून पायरीपायरीने करावयाचा असतो.

पहिली पायरी जोड्याशिवायच सुरू होते. अनवाणी, एका सपाट पायावर उभे राहावे. प्रथम डोळे उघडे ठेवून, नंतर मान सावकाश वळवीत, आणि शेवटी डोळे मिटून. येथे तळव्याची त्वचा जमिनीशी थेट बोलत असते. मग चवड्यावर तेच करावे. एका पायावर टाच सावकाश उचलण्या-टेकविण्याचा व्यायाम यासोबतच चालू ठेवावा, कारण उतरताना स्नायूंना चढण्यापेक्षा अधिक काटेकोर काम करावे लागते.

दुसरी पायरी दांडीपाशी, परंतु दांडीचा उपयोग कमी कमी करीत. दोन हात, मग एक हात, मग चार बोटे, मग एका बोटाचे टोक, आणि मग हात दांडीच्या बोटभर वर. हात उचलताना धड तसूभरही हलले नाही, तर तोल खरा होता असे समजावे. हलले, तर कोणत्या दिशेला हलले ते पाहावे; चूक तिकडेच होती.

तिसरी पायरी मध्यभागी, दोन्ही पायांवर. दोन्ही टोके एकमेकांस चिकटवून उभे राहणे, दोन्ही पाय एकदम बाजूला सरकवून टोकांवर येणे आणि टोकांवर अगदी लहान लहान पावले टाकीत सरकणे हे येथील अभ्यास होत. लहान पावलांत आधार सतत बदलत असल्याने शरीराला दर पावली दुरुस्तीची संधी मिळते. मिखाईल फोकीन याने पावलोव्हासाठी रचलेल्या ‘मरणोन्मुख हंस’ या नृत्यात अशाच पावलांचा मोठा उपयोग केलेला आहे.

चौथी पायरी एका पायाची. यात दोन रीती आहेत. जागच्या जागी गुडघा वाकवून टोकावर चढण्याला ‘रेलेव्हे’ म्हणतात. बारीकशी उसळी घेऊन चढले, तर बोटांची टोके गुरुत्वमध्याच्या खाली ओढून घेता येतात. सावकाश गुंडाळल्यासारखे चढले, तर टोक जागीच राहते आणि सर्व शरीर काही सेंटिमीटर पुढे न्यावे लागते. कोणत्या रीतीत काय हलते हे विद्यार्थिनीस स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर ती चढते, परंतु वजन मागेच राहते.

दुसरी रीत ‘पीके’ या नावाची. तीत सरळ पाय पुढे टाकून थेट त्याच्या टोकावर उभे राहावयाचे असते. येथे वेगाचे गणित येते. गुरुत्वमध्य एक मीटर उंच असेल व टोक त्याच्या ४० सेंटिमीटर पुढे टेकविले असेल, तर शरीर नेमके टोकावर येऊन थांबण्यासाठी टेकविण्याच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला सुमारे सव्वा मीटर असावा लागतो. वेग कमी पडला तर ती मागे पडेल. अधिक झाला तर टोकावरून पुढे निघून जाईल. भित्री मुलगी नेहमी मागेच का पडते, याचे उत्तर यातच आहे. तिला धीर देणाऱ्या शिक्षिकेने ‘आणखी ताठ राहा’ असे न म्हणता ‘मागच्या पायाने आणखी रेट’ असे सांगावे, हे अधिक शास्त्रशुद्ध होईल.

या सर्व अभ्यासात थोड्या वेळाचे पुष्कळ प्रयत्न हे थोड्या प्रयत्नांच्या दीर्घ ताणापेक्षा हितकर असतात. थकलेला स्नायू उशिरा उत्तर देतो, आणि उशीर म्हणजे पडणे, हे आपण पाहिलेच आहे.

घाईचे दुष्परिणाम

टोकाच्या जोड्यांचे मुलींना विलक्षण आकर्षण असते आणि पालकांनाही पुष्कळदा घाई होते. परंतु लहान वयात पायाच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. नृत्यवैद्यक व नृत्यविज्ञान यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत. वयाच्या १२ व्या वर्षापूर्वी टोकावरील अभ्यास सुरू करू नये. धड, कंबर व पाय यांत पुरेशी शक्ती नसेल किंवा घोटे फार सैल असतील, तर तो लांबणीवर टाकावा. आठवड्यातून एकदाच शिकावयास येणाऱ्या मुलीला त्यापासून परावृत्त करावे. आठवड्यातून दोनदा शिकणाऱ्या मुलीने शिक्षणाच्या चौथ्या वर्षी आरंभ करावा.

मात्र वय हा एकच निकष पुरेसा नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही सोप्या कसोट्या सुचविल्या आहेत. त्यांतील एकीत मुलीने एका पायावर उभे राहून धड पुढे व दुसरा पाय मागे आडवा करावयाचा, आणि त्या विमानासारख्या स्थितीत उभा गुडघा पाच वेळा वाकवावयाचा. पाचांपैकी चार वेळा गुडघा व पाऊल एका रेषेत राहिले, तर कसोटी उतरली. या कसोटीला जोडे लागत नाहीत की दांडी लागत नाही. दांडीवाचून सपाट पायावर जो तोल नाही, तो जोडे चढविल्याने येणार नाही, हे त्यातून पालकांच्या ध्यानी येते.

वाचकांसाठी एक प्रयोग

या लेखातील मुख्य सिद्धांत पडताळून पाहण्यास बॅले-शाळेची गरज नाही. शाळेतील विद्यार्थ्यांनी तो वर्गातच करून पाहावा. जवळ एक मित्र सावरण्यास उभा करावा आणि भिंतीपासून हातभर अंतरावर अनवाणी एका पायावर उभे राहावे. प्रथम डोळे उघडे ठेवून किती सेकंद उभे राहता येते ते घड्याळावर मोजावे. मग डोळे मिटून मोजावे. वेळ एकदम कमी झालेला आढळेल, कारण एक साधन गेले. आता डोळे मिटलेलेच ठेवून एका बोटाचे टोक भिंतीला केवळ टेकवावे. भिंतीवर भार टाकू नये. बोट आणि भिंत यांमध्ये कागदाचा कपटा धरून तो चुरगळणार नाही इतपतच दाब असावा. वेळ पुन्हा वाढेल.

हा प्रयोग रोज पाच मिनिटे, दोन-तीन आठवडे करावा व आकडे वहीत मांडावेत. बोट न टेकविता, डोळे मिटून उभे राहण्याचा वेळ हळूहळू वाढत गेलेला बहुतेकांना दिसून येईल. इतक्या अवधीत पायाचे स्नायू फारसे वाढलेले नसतील. पूर्वी जी खबर भिंतीकडून घ्यावी लागत होती ती आता पायाकडून घेण्यास मेंदू शिकू लागला आहे, एवढाच त्याचा अर्थ. घरातील वृद्ध माणसे काठी टेकीत चालतात तेव्हा ती काठीवर फारसा भार टाकतात की केवळ जमिनीचा ठाव घेतात, याचेही या निमित्ताने निरीक्षण करावे.